चुकीच्या पत्त्यावर

एकतीस वर्षं मी सेंट पॉलमध्ये टपाल वाटलं.
कुत्री मला ओळखत, बर्फही ओळखत असावा.
निवृत्त झालो आणि मागच्या अंगणातल्या
गवताचा एक चौकोन उकरून
स्वीट कॉर्न लावला. चार ओळी, ओळीत सहा.
एकच लांब ओळ लावू नये, हे पहिल्या वर्षीच
बोळक्या कणसांनी शिकवलं होतं.

मक्याचं असं असतं:
शेंड्याला तुरा, कमरेला कणीस,
आणि कणसाबाहेर लोंबणारा एकेक केस
म्हणजे आतल्या एकेका दाण्याचा पत्ता.
तुऱ्यातली धूळ वाऱ्यावर निघते.
पोचली, तर दाणा भरतो.
नाही पोचली, तर तिथे खिंडार.
वाऱ्यासारखा गलथान पोस्टमन
आमच्या कचेरीत आठवडाभर टिकला नसता.

जुलैत रोपं गुडघ्याला लागली,
ऑगस्टात माझ्या डोक्यावरून गेली.
केस आधी तांबूस, मग जळक्या वातीसारखे.
नखाने दाणा टोचला, दूध आलं.
पाणी आधी शेगडीवर ठेवायचं, मग कणीस खुडायचं,
हा माझ्या वडिलांचा नियम.
साखर कुणासाठी थांबत नाही, म्हणायचे.
तेही थांबत नसत.

सोललं, तर पिवळ्यात सात दाणे जांभळे.
दुसऱ्यात अकरा.
तिसऱ्यात मी मोजणं सोडलं.
चावलं, तर जिभेवर गोडी नाही, नुसतं पीठ.

कुंपणापलीकडे चुआ श्यांगचा मका,
जांभळा, चिकट,
तिची आई लाओसच्या डोंगरात लावायची तसला.
बियाणं इथवर कसं आलं ते ती सांगत नाही.
आठ वर्षांचा शेजार, पण आमचं बोलणं
मान हलवण्यापुरतंच.

मी कणीस घेऊन कुंपणाशी गेलो.
जन्मभर लोक माझ्यापुढे हेच करत आले:
हे आमचं नाही, आमच्याकडे कसं आलं?
आज मीच हात लांब करून उभा,
आणि शब्द शोधतोय.

चुआने दाणे पाहिले. हसली नाही.
आत गेली, आपलं एक कणीस घेऊन आली
आणि अंगठ्याने दाखवू लागली, हा, हा, आणि हा.
तिची नात गाओनू दारातूनच म्हणाली,
आजी सांगतेय, हे कितीही शिजवा,
दाताला चिकटत नाहीत.
आजी सांगतेय, हे तुमच्याकडून आलेत.
तीही मोजत होती तर.

मग ठरलं: पेरणी आधी तिची,
माझी तीन आठवड्यांनी,
म्हणजे दोघांचे तुरे एका वेळी उमलणार नाहीत.
कागद नाही, सही नाही.
ते सात दाणे मी एका पाकिटात घातले.
पाकीट चिकटवलं. पत्ता लिहिला नाही.

पुढच्या वर्षी मे संपत आला तरी माती गार.
तिने पेरलं. मी दिलेल्या शब्दाला जागून थांबलो.
वीस जूनला माझं बी मातीत गेलं,
आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात,
दाणे नुकते फुगायला लागले होते तेव्हा,
एका रात्रीत दहिवर पडून सगळं पांढरं.
सकाळी पानं काळी, ओल्या वर्तमानपत्रासारखी.
पाणी उकळायचं कारणच उरलं नाही.

संध्याकाळी कुंपणावर एक ताटली.
मक्याच्याच सालीत गुंडाळून उकडलेल्या वड्या,
वाफ अजून सुटत होती.
मी उभ्या उभ्या चार खाल्ल्या.
दाताला चिकटल्या. जिभेने काढत बसलो.
गोड नव्हत्या. पाचवी उचललीच.

आता ऑक्टोबर.
यंदा कोण थांबणार, यावर बोलणी चालू आहेत.
मी म्हणतो, ती. ती म्हणते, मी,
आणि जमिनीकडे बोट दाखवते,
जणू जमीन तिच्या बाजूने साक्ष देणार आहे.
गाओनू दोन्हीकडचं सांगून सांगून
कंटाळून आत निघून गेली.
आम्ही दोघं कुंपणाशी.
मी दोन बोटं वर करतो.
ती तीन.